श्वासनलिकेचा तीव्र संसर्ग आणि आपले दुर्बल रुग्ण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



ब्रिटनमधील आपल्या अनेक घरांत आज तीन पिढ्या एकत्र नांदत आहेत. त्यांतील सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्बल यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे. सर्दी-खोकला घरोघरी होतो. परंतु संसर्ग श्वासनलिकेत उग्र रूप धारण करतो, तेव्हा प्रश्न दिवसांचा नसून तासांचा असतो.

तान्ह्या बालकाच्या श्वासनलिकेचा व्यास सुमारे ४ मिलिमीटर असतो. आतील अस्तरास सर्व बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर व्यास निम्मा होतो आणि हवेला होणारा अडथळा १६ पटींनी वाढतो. प्रौढाच्या रुंद नलिकेत तेवढ्याच सुजेचा परिणाम पुष्कळच कमी होतो.

मुलांना नेहमी होणारा 'क्रूप' हा विषाणूजन्य आजार होय. खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा येतो आणि स्टेरॉइडच्या एका मात्रेने बहुतेक मुले सुधारतात. जिवाणूजन्य श्वासनलिकादाह मात्र विरळ, पण घातक असतो. फ्लूसारख्या विषाणूने अस्तर दुखावले की, बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू तेथे शिरकाव करतो. नलिकेत घट्ट पू व पापुद्रे साचतात. तीव्र ताप, श्वास आत घेताना होणारा कर्कश आवाज, निस्तेज चेहरा आणि क्रूपच्या उपचारांनी उतार न पडणे, ही त्याची लक्षणे होत.

अशा वेळी मुलाला मांडीवर, त्यास सोयीचे वाटेल तसे बसू द्यावे. बळेच आडवे करू नये, रडवू नये, घशात चमचा वा बोट घालून पाहू नये. विनाविलंब ९९९ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ एकत्रितपणे काम करतात. बहुतेक मुलांच्या श्वासमार्गात काही दिवस नळी ठेवावी लागते. पू शोषून काढला जातो व शिरेतून प्रतिजैविके दिली जातात. वेळेवर पोहोचलेली मुले बहुधा पूर्ण बरी होतात.

गळ्याला छिद्र पाडून नळी बसविलेल्या रुग्णांची गोष्ट निराळी आहे. हवा गाळणे, उबदार व ओलसर करणे, हे नाकाचे कार्य त्यांच्या बाबतीत होत नाही. परिणामी स्राव घट्ट होऊन नळी तुंबते. हवेतील ओलावा राखणे, आतली नळी स्वच्छ करणे, स्राव शोषून काढणे आणि त्याच मापाची एक व त्याहून लहान मापाची एक अशा दोन जादा नळ्या उशाशी ठेवणे अत्यावश्यक आहे. तपासणीत नुसते जंतू आढळले, म्हणजे संसर्ग झालाच असे नाही. ताप, स्रावाच्या रंगात वा प्रमाणात बदल, वाढती धाप यांवरून वैद्य निर्णय घेतात. अनावश्यक प्रतिजैविकांनी जंतू अधिक चिवट होतात. केमोथेरपी किंवा अवयवरोपण झालेल्यांत मात्र तापाची वाटही पाहू नये. त्यांना ताप येईलच असे नसते.

घटसर्पाचाही विसर पडू देऊ नये. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये प्रतिविषाचा शोध जाहीर केला, तरी हा रोग भारतातून अद्याप नाहीसा झालेला नाही. या देशात बालकांना ८, १२ व १६ आठवड्यांस लस मिळते. त्यानंतरचे डोसही चुकवू नयेत. शेवटचा डोस घेऊन १० वर्षे लोटली असतील, तर गावी जाण्यापूर्वी प्रौढांनी आपल्या डॉक्टरांना विचारून वर्धक डोस घ्यावा.

शेवटी एक विनंती. इंग्रजी येत नाही म्हणून आपली वृद्ध माणसे दवाखान्यात गप्प बसतात, किंवा नातवंडांकरवी दुखणे सांगतात. राष्ट्रीय आरोग्य सेवेत दुभाषी विनामूल्य मिळतो. तो निःसंकोच मागावा. आणि श्वास अडत असेल, तर 'सकाळपर्यंत पाहू' असे कोणीही म्हणू नये.

जय भीम!