थंडीच्या गावातला निशिगंध
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला बागकामावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. इथल्या बागेतलं आपल्या माळीबुवांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका अंगणाविषयी बोलणार आहे. तिथे माझी लेक राहते. आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं अशाच थंड गावांत आहेत, त्यांना उपयोग होईल.

आपल्या गेटजवळचा निशिगंध आमच्या सौ.ने लावला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. लेकीकडे गेलो तेव्हा तिने तिथल्या नर्सरीतून बारा कंद आणून अंगणात लावले. (इथून पिशवीत घालून नेऊ नका. रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय कंद नेता येत नाहीत.) आपल्याकडे कंद एकदा मातीत गेला की पुढची काही वर्षं हात लावावा लागत नाही. तिथे जानेवारीत पारा उणे २० च्याही खाली जातो, जमीन हातभर खोल गोठते. कंदातल्या पाण्याचा बर्फ झाला की पेशी फुटतात. फ्रीझरमध्ये राहिलेला बटाटा बाहेर काढल्यावर कसा पचपचीत होतो, तसंच. ट्यूलिपचं नेमकं उलटं! त्याला तीन-साडेतीन महिने थंडी मिळाल्याशिवाय धड फूल येत नाही, तो हिवाळाभर मातीत मजेत असतो. निशिगंध आणि डेलिया हे मूळचे मेक्सिकोचे. ते, आणि ग्लॅडिओलस, कर्दळ, हे सगळे ऑक्टोबरात खणून घरात आणावे लागतात.

सौ. गेल्यावरही लेक दर वर्षी ते कंद काढून ठेवत होती. दोन वर्षांनी मी तिथे होतो तेव्हा म्हटलं, यंदा हे काम माझ्याकडे. आणि मी घोटाळा केला. कंद नळाखाली स्वच्छ धुतले, ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, तोंड घट्ट बांधलं आणि पिशवी गॅरेजच्या फळीवर ठेवली. गॅरेजही गोठतं, हे डोक्यात आलं नाही. मार्चमध्ये लेकीने पिशवी उघडली, तर सगळा काळा चिखल. बेसमेंटमध्ये एक कुंडी विसरून राहिली होती, त्यात सात पिल्लं वाचली. फोनवर ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

खरं म्हणजे मला हे कळायला हवं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या शाखेत असताना कांदाचाळींची कर्जं मीच मंजूर करायचो, चाळी बघायला जायचो. कांदा आधी पातीसकट सुकवायचा, मान राखून पात कापायची, चाळीत खालून-बाजूने वारा खेळला पाहिजे, हे शेतकऱ्यांनी मला दहादा सांगितलं होतं. फायलीवर शेरेसुद्धा लिहिलेत मी!

लेकीची पद्धत अशी. पहिलं दंव गोठून पानं काळवंडली की लगेच खणायचं. पात चार बोटं ठेवून कापायची, माती नुसती झटकायची. आठ-दहा दिवस घरात वर्तमानपत्रावर पसरून सुकवायचे, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरड्या भुशात. डेलियाला ५ ते १० अंश चालतात, निशिगंधाला त्याहून ऊब हवी, १३ ते १५ च्या आसपास. महिन्यातून एकदा तपासणी, मऊ लागेल तो कंद बाहेर.

वेळेचंही गणित आहे. निशिगंधाला फुलायला चारेक महिने ऊब लागते आणि तिथे दंवाशिवायचे महिने जेमतेम पाच. म्हणून एप्रिलमध्ये घरातच कुंडीत लावून मेअखेर बाहेर काढायचे. शिवाय एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, बाजूची पिल्लं मोठी व्हावी लागतात. आमच्या सात पिल्लांना तीन उन्हाळे लागले. तिसऱ्या वर्षी एकच दांडा आला, तोही उशिरा, आणि कळ्या मिटलेल्या असतानाच दंव पडणार असं कळलं. लेकीने कुंडी उचलून स्वयंपाकघरात आणली. फुलं तिथे उमलली. रात्री वासाने जावईबापूंना झोप येईना, तर दार लावून घ्या म्हणाली, कुंडी हलणार नाही.

यंदा खोक्यात छत्तीस कंद आहेत. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने एकेक दाबून दाखवला. दोन मऊ निघाले, ते मी तिथल्या तिथे टाकायला लावले.