राखणदारीण सांभाळूया



सुगी झाली की धान्य घरात येतं आणि त्यामागोमाग उंदीर येतात. कोठीची राखण करायला आपल्याकडे मांजर असते. मागच्या महिन्यात गटांच्या बैठकीत आम्ही सहज विचारलं, कुणाकुणाची मांजर अचानक गेली? बरेच हात वर झाले. बोलता बोलता कळलं, की कित्येकींच्या बाबतीत कारण घरातच होतं.

पहिलं कारण उंदराचं औषध. मांजर वडीला तोंड लावत नाही, असं आपण धरून चालतो. पण वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्त होतो, पळत नाही, आणि मांजर आधी त्यालाच पकडते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच वड्यांमधलं विष रक्त गोठू देत नाही. मांजरीला त्रास दिसायला काही दिवस जातात. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, कधी नाकातून रक्त येतं. डॉक्टरकडे वेळेत नेलं तर यावर के जीवनसत्त्वाचा उपचार आहे. काळी पावडर, म्हणजे झिंक फॉस्फाईड, त्याहून जलद मारते. पोटात गेली की तिचा विषारी वायू होतो. मांजरीने उलटी केली तर तो बाहेरही येतो, म्हणून दारं-खिडक्या उघडा आणि लेकरांना लांब न्या.

यापेक्षा पिंजरा लावलेला बरा. कोठी विटांवर उंच ठेवा, झाकण घट्ट लावा. औषध टाकावंच लागलं तर तेवढे दिवस मांजर एका खोलीत ठेवा. मेलेले उंदीर रोज शोधा, हाताला पिशवी गुंडाळून उचला आणि खोल पुरा.

दुसरं कारण आपली माया. मांजर मलूल दिसली की कुणी पॅरासिटामॉलचा तुकडा दुधातून देतं. आपलं शरीर ती गोळी पचवतं, मांजरीच्या शरीरात ती ताकद नाही. 500 मिलिग्रॅमची एक गोळी तिचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड सुजतं. गाईम्हशींच्या गोचिडांचं औषधही मांजरीला लावायचं नाही. ती अंग चाटते, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं.

याच चाटण्यामुळे फिनेलचाही धोका आहे, आणि इथे आपली जबाबदारी जास्त, कारण आपल्यातले कितीतरी गट फिनेल बनवून विकतात. ओल्या फरशीवरून मांजर चालते आणि मग पाय चाटते. काळ्या फिनेलमधला फिनॉल तिला सोसत नाही. म्हणून फरशी वाळेपर्यंत तिला बाहेर ठेवा. फिनेल बनवणाऱ्या गटांनी बाटलीच्या चिठ्ठीवर हे एक वाक्य छापावं. खर्च काही वाढत नाही आणि गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो.

शिवणकाम करणाऱ्यांनी सुई-दोरा डब्यात ठेवावा. दोरा गिळला आणि टोक बाहेर दिसलं तर ओढू नका, आतडं कापलं जातं. चूल पेटवण्याआधी आत वाकून बघा, थंडीत मांजर उबेला तिथेच निजते. पाण्याच्या टाकीवर झाकण हवंच.

विषाचा संशय आला तर मिठाचं पाणी, तेल, दूध काही पाजू नका. उलटी करवू नका. औषधाचं पाकीट सोबत घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. 1962 या टोल फ्री नंबरवर फोन केला तर फिरत्या दवाखान्याची मदत मागता येते. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं काढूया. उंदराचं औषध, गोळ्यांचा डबा आणि फिनेल घरात कुठे ठेवलंय, हे प्रत्येकीने सांगायचं. जिथे मांजरीचं तोंड पोचतं, तिथे रांगणाऱ्या लेकराचा हातही पोचतो. तेव्हा या तिन्ही वस्तू कुलपात गेल्या, तर दोघांचीही काळजी मिटेल.