भट्टीपुढची माणसे



आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा लवकर सुटली. पण कामगारांची गाऱ्हाणी मांडता मांडता एक खोड जडली. यंत्र दिसले की आम्ही विचारतो, हे निवडले कोणी आणि त्यापुढे उभे कोण राहते? आज एका आगबोटीला तेच विचारू.

१९४० साली ब्रिटनची जहाजे बुडत होती, तितकी बांधून होत नव्हती. तेव्हा संडरलंडचे जहाजबांधणीवाले सिरिल थॉम्प्सन आराखडा घेऊन अमेरिकेला गेले. ६० जहाजांची बोलणी झाली. परतताना त्यांचीच बोट पाणतीराने बुडाली. होडीतून जीव वाचला. त्याच आराखड्याची ‘एम्पायर लिबर्टी’ १९४१ मध्ये त्यांच्या गोदीत पाण्यात उतरली. माल सुमारे १०,००० टन, वेग दहा-अकरा नॉट. यंत्र वाफेचे, २,५०० अश्वशक्तीचे, जुन्या चालीचे. डिझेल आणि टर्बाइन बनविणारे कारखाने आरमाराच्या कामात गुंतलेले. हे यंत्र साध्या कारखान्यातही होई, आणि कोळसा घरच्या खाणीत होता. निवड शहाणपणाची होती, हे आम्ही मोकळेपणी कबूल करतो.

आता शिडीने खाली उतरा. तीन बॉयलर, दिवसाला वीस टनांवर कोळसा. तो हातगाडीने आणायचा, फावड्याने भट्टीत फेकायचा, लांब सळईने निखारा फोडायचा, राख ओढायची. चार तास पाळी, आठ तास विश्रांती, पुन्हा पाळी, रविवार नाही. धूर झाला तर तांड्याचा ठावठिकाणा शत्रूला कळे, म्हणून वरून ओरडा. वाफ उतरली तर बोट मागे पडे, म्हणून इंजिनियरचा ओरडा. आणि पाणतीर बसला, तर सर्वांत लांब शिडी याच माणसाची!

ब्रिटिश जहाजांवर अशा कामाला आपले लोकही हजारोंनी होते. खाली आगवाले आणि कोळसेवाले, डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, जेवणाच्या दालनात गोवेकर. पगार गोऱ्याच्या चौथाईच्या आसपास. १९३९ मध्ये लढाई पेटताच त्यांनी ब्रिटनच्या बंदरांत काम नाकारून वाढ मागितली. शेकडो तुरुंगात गेले. पगार वाढला, गोऱ्याच्या बरोबरीला मात्र आला नाही.

‘एम्पायर लिबर्टी’ १९४३ मध्ये ग्रीक निशाणाखाली गेली आणि १९६० साली जपानात मोडली गेली. तिच्या जातीच्या कित्येक बोटींवर लढाईनंतर कोळशाऐवजी तेल आले. फावडे गेले, याचे दुःख कोणालाच झाले नसेल. पण फावड्याबरोबर माणसेही उतरविली गेली, आणि त्यांना दुसऱ्या बोटीवरही फावडे मिळेना.