हिवरा संगमचं पाणी कुठल्या दगडाचं?



महागाव तालुक्यात विहीर खणताना काय लागतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. वर काळी माती, तिच्या बुडाशी चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मुरमात गोल दगड सापडतात. पहारीचा घाव बसला की कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्यांचे थर सुटतात आणि आत मुठीएवढा टणक काळा गाभा उरतो. बाहेरच्या थरांतलं बरंचसं कॅल्शियम निघून गेलेलं असतं, गाभ्यात ते शाबूत असतं. गेलेलं कॅल्शियम कुठे गेलं, हा आजचा विषय.

पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, मातीत मुळांच्या श्वसनाने त्यात भर पडते. त्यातून बनलेलं सौम्य आम्ल दगड झिजवतं. सुटलेलं कॅल्शियम नाल्यांतून पूस नदीत, हिवरा संगमला पैनगंगेत, पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जातं. तिथे सूक्ष्म जीव त्याची कवचं बनवतात आणि त्यांच्यासोबत हवेतला कार्बन तळाशी गाडला जातो. लाखो वर्षांच्या हिशेबात पृथ्वीचं तापमान आवाक्यात राहिलं, ते मुख्यतः या झिजेमुळे.

पण सगळी झीज सारखी नसते. बसाल्टमधून, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणातून, कॅल्शियमचा एक अणू सुटताना कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू खर्ची पडतात. समुद्रात कवच बनताना त्यातला १ परत सुटतो, १ गाडला जातो. चुनखडक विरघळताना मात्र १ घेतला जातो आणि तोच परत जातो. हाती काही उरत नाही. पैनगंगा इथे बसाल्टवरून वाहते आणि खाली वणी-कोरपना भागात चुनखडकाच्या पट्ट्यात शिरते. तिकडचे सिमेंट कारखाने त्याच दगडावर चालतात. नुसतं कॅल्शियम मोजून ते कुठल्या खडकाचं, हे ओळखता येत नाही.

ते ओळखायला स्ट्रॉन्शियम उपयोगी पडतं, कारण ते कॅल्शियमच्या सोबतीनेच वावरतं. त्याच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचं गुणोत्तर खडकागणिक बदलतं. रुबिडियम-८७ च्या ऱ्हासातून स्ट्रॉन्शियम-८७ तयार होतं. हा ऱ्हास इतका संथ, की निम्मं रुबिडियम संपायला सुमारे ४९०० कोटी वर्षं लागतात. रुबिडियम ग्रॅनाइटसारख्या भूकवचाच्या खडकांत साचलं, कवचाखालच्या प्रावरणात थोडंच राहिलं. म्हणून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रावरणातून वर आलेल्या आपल्या बसाल्टात हे गुणोत्तर साधारण ०.७०५ असतं. लाव्हात कवचाचा अंश मिसळला असेल तिथे ते थोडं चढतं. समुद्रात ते ०.७०९२ आहे, गंगेत ०.७२ च्याही वर. बसाल्टाच्या प्रावरणाशी असलेल्या नात्याला आणखी एक पुरावा मिळाला. १९९३ साली आशिष बसू आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या ज्वालामुखीशी जोडलेल्या पश्चिम भारतातल्या खडकांत हेलियम-३ चं मोठं प्रमाण दाखवलं. हा वायू पृथ्वीच्या जन्मापासून खोल अडकलेला आहे.

नद्यांकडे वळू. २००१ साली सेलिन देसेर यांच्या फ्रेंच-भारतीय गटाने नर्मदा, तापी आणि वैनगंगेचं पाणी तपासलं. २००५ साली अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने कृष्णा खोरं आणि पश्चिम घाटातल्या नद्यांवर काम प्रसिद्ध केलं. जमिनीच्या जेमतेम ५ टक्के भागावर बसाल्ट आहे, पण बसाल्ट, ग्रॅनाइट अशा सिलिकेट खडकांच्या झिजेत खर्ची पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३० टक्के वाटा त्याचा, असा जगभरचा अंदाज आहे. आपली काळी माती हे त्याच कामाचं शिल्लक राहिलेलं द्रव्य आहे.

समुद्रातलं गुणोत्तर ४ कोटी वर्षांपूर्वी ०.७०७८ च्या आसपास होतं, तिथून ते वाढत आलं. याचं श्रेय पुष्कळजण हिमालयाच्या झिजेला देतात आणि त्यावरून हवेतला कार्बन घटल्याचं सांगतात. मला हे अनुमान घाईचं वाटतं. हिमालयातल्या काही चुनखडकांचंही गुणोत्तर मोठं आहे, आणि त्यांच्या झिजेने कार्बनच्या हिशेबात काहीच भर पडत नाही. उलट बसाल्ट भरपूर झिजला तरी समुद्राचा आकडा वर चढत नाही. म्हणून हिशेब एकेका नदीचा मांडावा लागतो.

त्यासाठी इथल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. हिवरा संगमच्या वर आणि खाली, उन्हाळ्यात, पहिल्या पुराला आणि दिवाळीनंतर पाण्याच्या बाटल्या भरा. पाणी बारीक गाळणीतून गाळा, नायट्रिक आम्लाचे थेंब टाका, तारीख आणि पाण्याची पातळी लिहा. सुपरफॉस्फेटमधूनही स्ट्रॉन्शियम येतं, तेव्हा शेतात खत कधी पडलं, तेही विचारून नोंदवा. मास स्पेक्ट्रोमीटर अहमदाबादला आहे, मुंबईला आहे. नमुने मात्र इथल्याच माणसांनी वर्षानुवर्षं घ्यायला हवेत. येत्या उन्हाळ्यापासून सुरुवात करा.