दहावीची शिकवणी, पाचवीचे गणित



गणिताच्या शिकवणीवर बोलण्यास कामगार संघटनेच्या माणसाला का उभे केले, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. मी नववीत शाळा सोडली. पुढचे गणित पगाराच्या पावत्यांवर शिकलो. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के का, तर वर्षाच्या बारा पगारांतला तो एक पगार. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याच्या पगाराला २६ ने भागून १५ ने का गुणायचे, तर साप्ताहिक सुट्ट्या वगळून महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरतात. असले हिशेब अंगवळणी पडले म्हणजे गणिताची भीती जाते. शिवाय मागणीपत्रासाठी सभासदांचा घरखर्च विचारू लागलो की किराणा आणि घरभाड्यामागोमाग ‘क्लासची फी’ येते. ओव्हरटाइम कशासाठी करतोस, असे विचारावे तर पुष्कळदा उत्तर तेच. जो खर्च माणसाची झोप घेतो तो आमच्या विषयाबाहेरचा कसा?

केंद्र सरकारच्या २०२५ सालच्या शिक्षणविषयक पाहणीत २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे आढळले, शहरांत ३०.७ टक्के, खेड्यांत २५.५. तेव्हा हे केवळ शहरी श्रीमंतांचे चोचले नव्हेत.

आता या बाजारात विकले जाते ते काय? कारखान्यात आम्ही नगावर मजुरी मोजतो, तसे मोजून पाहू. समजा, क्लासात साठ मुले आहेत आणि तास साठ मिनिटांचा आहे. एका मुलाच्या वाट्यास एक मिनिट येते. सहा मुलांच्या घरगुती शिकवणीत दहा मिनिटे येतात, घरी येणाऱ्या मास्तरांची साठही मिनिटे एकाच मुलाची. फी महिन्याला किती, हे सगळे विचारतात; मुलाच्या एका मिनिटाचा भाव कोणी काढीत नाही. मोठा क्लास अगदी निकामी असतो असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याचा पाया पक्का आहे त्याला तेथे भरपूर सराव मिळतो, प्रश्नपत्रिका मिळतात, बरोबरीची हुशार पोरे भेटतात. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा.

बाजारात आपण भेंडीचे टोक मोडून पाहतो आणि मगच घेतो. शिकवणीचा माल असा मोडून पाहता येत नाही, कारण बापाला बीजगणित येत नाही. मग तो काय पाहतो? चौकातल्या फलकावरचे फोटो पाहतो, आणि विचारतो, पोर्शन केव्हा संपणार? डिसेंबरात संपेल म्हटले की त्याला हायसे वाटते.

इथेच खरी गोम आहे. गणित हा जिन्यासारखा विषय आहे. इतिहासात अकबर चुकला तरी शिवाजी महाराजांचा धडा समजतो. गणितात खालची पायरी निखळली की वरची चढता येत नाही. साधे उदाहरण घ्या. क्षचा अर्धा आणि क्षचा एक-तृतीयांश मिळून दहा होतात, तर क्ष किती? उत्तर बारा, बाराचे अर्धे सहा, तिसरा हिस्सा चार. पण कित्येक मुले वरचे अंक मिळवितात, खालचे अंक मिळवितात, दोन-पंचमांश क्ष लिहितात आणि उत्तर पंचवीस काढतात. पंचविसाचे अर्धेच साडेबारा होतात, मग बेरीज दहा कशी, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. हा मुलगा समीकरणात चुकलेला नाही. तो पाचवीत, छेद समान करताना अडला आणि तेथेच राहिला. क्लासात त्याला सांगतात, ‘सहाने गुण.’ तो सहाने गुणतो. पुढच्या उदाहरणात छेद चार आणि पाच आले तरी सहानेच गुणतो!

त्याला पाचवीत परत का नेत नाहीत? शिकविणाऱ्याला कळत नाही म्हणून नव्हे. आपण पैसे दहावीचे मोजतो म्हणून. दोन महिने अपूर्णांक शिकविले तर आपणच क्लास बदलू, हे तो ओळखून असतो. त्यातून त्याची स्वतःची स्थिती पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणीस मनाई आहे. क्लासात फळ्यापुढे पुष्कळदा उभा असतो तो नोकरी न मिळालेला इंजिनिअर किंवा बी.एस्सी. झालेली मुलगी, पगार तासावर, भरपगारी रजा नाही, फंड नाही. मागे वळून पाहण्याचे मोल त्याला कोणी देत नाही.

कराराचेही दोन शब्द सांगतो, कारण करार वाचणे हा माझा धंदा. एका सभासदाने मला प्रवेशाचा छापील अर्ज दाखविला. वर्षाची फी आगाऊ, आणि बारीक अक्षरांत, कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पन्नासांहून अधिक विद्यार्थ्यांच्या क्लासांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या मुदतीची फी दहा दिवसांत परत द्यावी, असे त्यांत आहे. सोळा वर्षांखालील मुलाला प्रवेश देऊ नये, असेही आहे. गावातले फलक पाहा आणि ठरवा! सूचना म्हणजे कायदा नव्हे. तरी तो कागद हातात घेऊन गेले, तर महिन्याच्या महिन्याला फी देऊ, असे बोलता येते. आमच्या त्या सभासदाने तसे म्हटले, आणि दोन ठिकाणी नकार मिळाल्यावर तिसऱ्या ठिकाणी ते मान्य झाले.

मागील जूनमध्ये आमच्या सात सभासदांनी वर्गणी काढून गल्लीतल्याच एका बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीला शिकवणीस नेमले. जागा युनियनच्या कचेरीची. तिने पहिल्या दिवशी दहावीच्या त्या सातही मुलांना पाचवीचा पेपर दिला. पाच जण अपूर्णांकात अडले. ऑगस्ट संपेपर्यंत ती भाकरी, फुटपट्टी आणि बापांच्या पगाराच्या पावत्या घेऊन अपूर्णांकच शिकवीत होती. बाप अस्वस्थ झाले. दोघांनी मुले काढून मोठ्या क्लासात घातली. मी अडविले नाही, पोरे त्यांची आहेत. बाकीची पाच मार्चपर्यंत टिकली. त्यांतला एक मुलगा आता बापाची पावती हातात आली की आधी फंडाचे बारा टक्के ताडून पाहतो, आणि एकदा त्याने कंपनीच्या हिशेबातली चूक काढली. चौऱ्याऐंशी रुपयांची. ती रक्कम पुढच्या पगारात जमा झाली.