काटकसर कोणाच्या ताटातून?

काटकसर हा शब्द उच्चारला की अनेकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. सर्वांची जेवणे आटोपली आहेत, मुले अभ्यासाला बसली आहेत, आणि घरची गृहिणी आता कोठे एकटीच पानावर बसली आहे. भाजी संपली आहे. तेव्हा सकाळची पोळी आणि लोणच्याची फोड यांवर तिचे जेवण उरकते. महिनाअखेर तिने चार पैसे शिल्लक टाकले म्हणून घरात तिचे कौतुक होते. परंतु हे पैसे वाचले कोठून, असे सहसा कोणी विचारीत नाही. ते धान्याच्या कोठीतून वाचले नाहीत, की विजेच्या बिलातूनही वाचले नाहीत. ते तिच्या ताटातून वाचले. २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. या दुखण्याची कारणे अनेक आहेत. पण शेवटच्या पंगतीला उरलेसुरले खाऊन दिवस काढण्याच्या रूढीला त्यातून मोकळे सोडता येणार नाही.

खर्च नाहीसा करणे आणि खर्च दुसऱ्यावर ढकलणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला काटकसर म्हणावे. दुसरीला काटकसर म्हणणे ही आत्मवंचना होय. कारण तेथे पैशाचे देणे फिटते, पण ते कोणाच्या तरी शरीरावर चढते. हा भेद ध्यानात घेऊन एखादा संसार कसा चालविता येईल, हे पाहण्यासाठी भोपाळच्या शाहपुरा वसाहतीतील मराठी घर डोळ्यांसमोर आणावे.

भोपाळात मराठी बिऱ्हाडे पूर्वीही होती. परंतु त्यांची संख्या वाढली ती १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील सरकारी कचेऱ्यांतील मराठी मंडळी संसार पेट्यांत बांधून या शहरी आली. गावाकडून येणारे धान्याचे पोते, अडीअडचणीला धावून येणारी आत्या, उसनी साखर देणारी शेजारीण, हे सारे मागे राहिले. उसनवारीची सोय नसलेल्या घराला व्यवस्था शिकावीच लागते. पुढे शहर दक्षिणेकडे पसरले. १९७४-७५ साली शाहपुऱ्याचा तलाव बांधण्यात आला आणि त्याच्या आसपास वसाहती उभ्या राहिल्या. आज येथील घरात गॅस आहे, शीतकपाट आहे, धुलाईयंत्र आहे. तरीही महिन्याच्या पंचवीस तारखेला पैसे गेले कोठे, हा प्रश्न तेथेही उभा राहतोच.

या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत असते. पूर्वी पाकिटातील नोट मोडली की मनाला टोचत असे. आता मोबाइलवर बोट टेकले की पैसे जातात आणि जाताना त्यांचा आवाजही होत नाही. म्हणून दिवसभराचा खर्च रात्री वहीत उतरविण्याची सवय आज पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाली आहे. या वहीचे तीन भाग करावे. पहिल्या भागात घरभाडे अथवा कर्जाचा हप्ता, वीज आणि मोलकरणीचा पगार, असे ठरलेले खर्च असावे. दुसऱ्यात स्वयंपाकघर. तिसऱ्यात वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे खर्च. महिन्याचा घोळ होतो तो बहुधा या तिसऱ्या भागामुळे. उदाहरणादाखल, विम्याचा हप्ता १२,००० रुपये, शाळेचे शुल्क १८,०००, दिवाळी ९,००० आणि घरपट्टी ३,००० धरली, तर वर्षाची बेरीज ४२,००० होते. हा डोंगर अचानक समोर आला म्हणजे कर्ज काढावे लागते. पण त्याचे बारा भाग करून दरमहा ३,५०० रुपये निराळे ठेवले, तर डोंगराच्या पायऱ्या होतात. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरेच. पण त्यासाठी अंथरुणाचे माप आधी सर्वांना ठाऊक असावयास हवे. म्हणून महिन्यातून एकदा ही वही पती, पत्नी आणि जाणती मुले यांनी एकत्र बसून वाचावी. बुटांचा नवा जोड पुढल्या महिन्यात का घ्यावयाचा, हे आकडे पाहून मुलांना जितके पटते, तितके रागावून कधीच पटत नाही.

धान्याच्या बाबतीत शाहपुऱ्यातील गृहिणीचे भाग्य थोर आहे. शेजारच्या सिहोर जिल्ह्याचा शरबती गहू प्रसिद्ध आहे, आणि चैत्र-वैशाखात नवे पीक बाजारात येते. वर्षाची बेगमी याच वेळी करण्याची चाल आहे. चौघांच्या घरात रोज एक किलो कणीक लागत असेल तर वर्षाला ३६५ किलो, म्हणजे साडेतीन क्विंटलांहून किंचित अधिक गहू लागेल. एवढी जागा नसेल तर सहा महिन्यांचाच भरावा. स्वस्त मिळाला म्हणून भरलेला आणि पावसाळ्यात किडलेला गहू सर्वांत महाग पडतो. गहू निवडून, उन्हात खडखडीत वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरावा. गरम दाणा झाकला तर आत ओल धरते. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तर तो वाळला असे समजावे. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात पुसावा आणि कोठीत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. कोठी भिंतीला चिकटवून किंवा थेट फरशीवर ठेवू नये. खाली लाकडी पाट असावा.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही ठिकाणी धान्यात ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा अत्यंत विषारी वायू निघतो, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे प्राण त्याने गेले आहेत. चार शेर गहू वाचविण्यासाठी ही वस्तू राहत्या घरात कदापि आणू नये.

स्वयंपाकघरात मापाने वागणे हीच अर्धी बचत होय. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० साली निघाले आणि घरोघर गेले, त्याचे एक कारण म्हणजे त्यातील वाटी-चमच्याची मापे. नवख्या मुलीलाही अंदाज करीत बसावे लागले नाही. तांदूळ, डाळ आणि कणीक यांच्या डब्यांत एकेक ठरलेली वाटी ठेवली आणि माणशी माप निश्चित केले, तर उरण्याचे प्रमाण आपोआप घटते. भाजी बिट्टन मार्केटच्या बाजारातून आणताना आठवड्याचा बेत आधी कागदावर मांडावा. पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत, फळभाज्या नंतर आणि बटाटे, भोपळा शेवटी, असा क्रम ठेवला म्हणजे कोथिंबिरीची जुडी शीतकपाटात काळी पडत नाही.

इतके करूनही काही उरतेच. भोपाळच्या उन्हाळ्यात शिजलेला भात फार वेळ बाहेर ठेवू नये. निवताच तो शीतकपाटात ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी चांगला गरम करून त्याचा फोडणीचा भात करावा. पोळ्यांचा कुस्करा तर मुले मागून खातात. मुद्दा इतकाच की, शिळे खावयाचे असेल तर ते सर्वांनी वाटून खावे. ज्या घरात ताजी पोळी एका पंक्तीला आणि शिळी पोळी एकाच व्यक्तीला, त्या घराने आपल्या वहीत कितीही शिल्लक दाखविली, तरी तो हिशेब चुकला असे समजावे. रात्रीचे जेवण सर्वांनी एकाच वेळी घेतले, पोळ्या करून झाल्यावर गृहिणीही पंगतीतच बसली, तर भाजी किती उरली आणि कोणाला पुरली नाही, हे सर्वांना दिसते. या एका सवयीला पैसा लागत नाही.

इंधनाची गोष्टही अशीच साधी आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. नवे सिलिंडर लावल्याची तारीख दिनदर्शिकेवर टिपली, म्हणजे ते किती दिवस पुरले हे कळते आणि वाढलेला खर्च ताबडतोब ध्यानात येतो. डाळी व कडधान्ये भिजवून शिजवावी. कुकरमध्ये भात व वरण एकावर एक लावावे, आणि वाफ धरली की ज्योत बारीक करावी. उघड्या पातेल्यातील पाणी एकदा उकळू लागले की ज्योत मोठी ठेवल्याने ते अधिक तापत नाही. केवळ त्याची वाफ अधिक होते. म्हणून पातेल्यावर झाकण आणि खाली मंद आंच, हा नियम पाळावा.

विजेचा हिशेब तर शाळकरी मुलालाही करता येतो. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर तीस दिवसांत नऊ युनिटे लागतात. त्याच्याजागी ९ वॅटचा एलईडी दिवा लावला तर दीड युनिटाहूनही कमी लागते. भोपाळचा एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे वाळ्याचा किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर तेथे उत्तम काम देतो, आणि वातानुकूलन यंत्रापेक्षा त्याला वीज फारच थोडी लागते. मात्र कूलर चालू असता एक खिडकी उघडी ठेवावी, आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासावी. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढले तर वाचलेले सारे पैसे औषधांच्या दुकानात मोजावे लागतील.

तलावांच्या या शहरात पाण्याची काटकसर करण्यास सांगणे काहींना विनोदाचे वाटेल. परंतु गळक्या नळातून दर सेकंदास एक थेंब पडला तर दिवसाकाठी ८६,४०० थेंब होतात. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी साडेएकवीस लिटर पाणी वाया जाते, आणि त्यावरील इलाज म्हणजे नळातील एक लहानसा वायसर. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला आणि कढीलिंबाच्या कुंडीला घालावे. थेंबे थेंबे तळे साचे, असे म्हणतात. शाहपुऱ्यात ते निराळ्या अर्थानेही खरे आहे. भोवतालच्या वस्त्यांचे सांडपाणी या तलावात येत आले आहे आणि त्याने पाणी दूषित झाले आहे. कपड्यांना मूठभर अधिक पावडर घातल्याने ते अधिक स्वच्छ होत नाहीत. जास्तीचा फेस मात्र मोरीतून निघून जातो. मापाने पावडर वापरणारी गृहिणी आपले पैसेही वाचविते आणि संध्याकाळी ज्या काठावर तिची मुले फिरावयास जातात, त्या तलावावरचा भारही थोडा हलका करते.

खर्च ढकलण्याचे आणखी एक ठिकाण म्हणजे मोलकरीण. महिना ओढाताणीचा गेला की तिचा पगार चार दिवस लांबविणे सोपे वाटते. पण तिच्या घरीही तीच पंचवीस तारीख येते आणि तिच्यापाशी शिल्लक काही नसते. तिचा पगार वहीच्या पहिल्या भागात लिहावा, तो याचसाठी.

याउलट, जेथे खरोखर हात आखडता घ्यावा तेथे तो सैल सुटतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्याची चढाओढ लागते आणि त्या कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. त्याऐवजी कापडी पिशवी, कढीलिंबाचे रोप किंवा पावशेर तीळ असे वाण दिले तर देणारीचे वैभव कमी होत नाही.

शेवटी एका गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. मुले पुण्यास, बंगळूरास किंवा परदेशी गेलेली आणि मागे दोघेच वृद्ध, अशी घरे आता सर्वत्र आहेत. अशा घरात स्वयंपाकघराची किल्ली एकीकडे आणि कागदपत्रांची किल्ली दुसरीकडे, अशी वाटणी आयुष्यभर चाललेली असते. एक दिवस दोहोंपैकी एकजण निघून जातो. मागे राहिलेल्या पत्नीला विमा कोठे उतरविला आहे, टपाल कचेरीतील ठेव केव्हा पिकते, हे ठाऊक नसते. मागे राहिलेल्या पतीला डाळीचा डबा कोणता आणि आपले रक्तदाबाचे औषध कोठे, हे ठाऊक नसते. चाळीस वर्षे काटकसरीने साठविलेला पैसा असूनही अशा माणसाला परक्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. म्हणून एका जाड फायलीत विमापत्रे, बँकेची व टपाल कचेरीची पुस्तके, घराची कागदपत्रे आणि सर्वांच्या तारखांची एक यादी असावी. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन केलेले आहे किंवा नाही, हे वर्षातून एकदा पडताळून पाहावे. आणि महिन्यातून एक दिवस कामांची अदलाबदल करावी: त्या दिवशी पतीने वरणभात लावावा आणि पत्नीने बँकेचे काम करावे. पहिल्या दिवशी भात थोडा करपेल. पण ते नुकसान वहीत शिक्षणखर्चाच्या सदरात मांडावयास हरकत नाही.

सुव्यवस्थित घर म्हणजे जेथे एक बाई कोणाच्याही नकळत सारे सांभाळते असे घर नव्हे. जेथे धान्य किती, पैसा किती आणि कष्ट किती, हे सर्वांना ठाऊक असते आणि सर्वजण ते वाटून घेतात, ते सुव्यवस्थित घर. अशा घरातील गृहिणी रात्री पंगतीत बसते, तिच्या ताटात ताजी पोळी असते, आणि महिनाअखेरीस वहीत जी थोडी शिल्लक राहते, ती निर्भेळ शिल्लक असते.