बागेला फी लागत नाही

(संस्थेच्या पारितोषिक वितरण समारंभात एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



आज मी उपदेश करण्यास उभा नाही. एक कबुली द्यावयाची आहे.

नोकरीत असताना मी दरवर्षी सहलीच्या परवानगीची चिठ्ठी घरोघर पाठवीत असे. काही चिठ्ठ्या ‘अभ्यास बुडतो’ असा शेरा घेऊन परत येत. मी मनातल्या मनात पालकांना दोष देई. एकदा एका विद्यार्थिनीचे वडील भेटले व हळूच म्हणाले, “सर, अभ्यासाचे निमित्त होते. वर्गणीचे पैसे नव्हते, ते लिहावयाची लाज वाटली.” त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. शाळेपासून दहा मिनिटांवर नगरपालिकेची बाग होती. तिथे मुलांना मी एकदाही नेले नव्हते.

पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव आपण जाणता. त्यांचा जन्म १८९६ सालचा, मुंबईचा. आईवडील लवकर वारले, मामांनी वाढविले. सुमारे १९०८ साली त्यांनी टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. पण त्यांनी मुलाला गप्प बसविले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी चिमणी ओळखून दिली, पेंढा भरलेले पक्षी दाखविले, वाचावयास पुस्तके दिली. याच मुलाला १९७६ साली पद्मविभूषण मिळाले.

मुंबईत धारावीजवळ मिठी नदीच्या काठी १९७७ पर्यंत शहराचा कचरा टाकीत. तेथे १९८३ साली पहिले झाड याच सालिम अलींनी लावले, आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. उकिरड्यावर रान उभे राहू शकते, तर आपल्या मुलांना गावातल्या बागेपर्यंत नेणे अवघड आहे काय?

यासाठी फार काही लागत नाही. एक वही, एक पेन्सिल, पाण्याची बाटली. मुलाने एक झाड निवडावे. पालवी केव्हा फुटली, फळे केव्हा पिकली, कोणता पक्षी आला, हे तारखेसह लिहावे. वडापिंपळाची फळे पिकली की तांबट येतो. भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज एकदा ओळखला की मूल तो विसरत नाही. उत्तर आपणांस येत नसेल, तर ‘माहीत नाही, विचारू या’ एवढे म्हणावे. त्या मामांनी तेवढेच केले होते.

मुलींना पाठविण्यास मन कचरत असेल, तर मातांनी सोबत यावे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी बागेच्या फाटकाशी उभा असेन. वर्गणी नाही, चिठ्ठी नाही. कोणालाही निमित्त लिहावे लागणार नाही.